जुन्यातून नव्यात

१

"ताई, गेम गेला."

शुभंकर हे इतक्या सरळ आवाजात म्हणाला की मला वाटलं, क्रिकेटचा काही निकाल सांगतोय. मी पाण्याची बाटली भरत होते. आम्ही दोघं नुकतेच रिक्षातून उतरलो होतो. दर सोमवारी त्याला व्यायामासाठी डॉक्टरांकडे न्यावं लागतं. लहानपणापासून त्याच्या अंगातले स्नायू हळूहळू कमी होत चाललेत. पाय दहावीतच गेले, दंड त्यानंतर. बोटं अजून त्याची आहेत.

मी वळून बघितलं. व्हीलचेअरच्या फळीवर ते हातातलं गेमचं यंत्र उघडं होतं. बाबा त्याला 'डबी' म्हणतात, म्हणून आम्हीही. डबीच्या पडद्यावर एकच ओळ होती : भाषा निवडा.

"म्हणजे?"

"म्हणजे ही डबी नवीकोरी आहे. हिला मी माहीत नाही. 'ओहोटी' माहीत नाही. काहीच माहीत नाही."

'ओहोटी' हा त्याचा गेम. विकत आणलेला नव्हे, त्याने केलेला. एक मुलगी ओहोटीच्या वेळी खाडीच्या रेतीत मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जाते आणि पाणी चढायच्या आत तिला घरी पोचायचं असतं, एवढीच गोष्ट. पण ती मुलगी चालते कशी, चिखलात पाय रुतला की थांबते कशी, पाणी कुठल्या बाजूने गुपचूप येतं, हे सगळं त्याने जुन्या डबीतल्याच गेम बनवायच्या प्रोग्रॅममध्ये, कळ दाबून दाबून, वर्षानुवर्षं घडवलं होतं. कॉम्प्युटरचा कीबोर्ड त्याच्या हातांना पेलत नाही. डबी पेलते.

जुन्या डबीची बॅटरी फुगली होती आणि बिजागरी तुटली होती. म्हणून शनिवारी सगळं जुन्यातून नव्यात हलवलं. हलवणारा ओमकार, शुभंकरचा शाळेपासूनचा मित्र. मारुती मंदिराजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने दोन्ही डब्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींना चार्जर लावले आणि आम्हाला समजावून सांगितलं, "ह्याची नक्कल निघत नाही. नव्यात गेलं की जुनं आपोआप पुसलं जातं. एका वेळी एकाच घरात राहणार."

बाबा पलीकडे उभे होते. त्यांनी विचारलं होतं, "मग जुन्यात काय उरतं?"

"काही नाही, काका."

"आणि नव्याचं काही झालं तर?"

"तर संपलंच," ओमकार हसून म्हणाला होता.

आता ते हसणं मला आठवलं. येत्या शनिवारी पुण्यात नव्या गेमचं प्रदर्शन होतं. 'ओहोटी'ची तिथे निवड झाली होती. आवडली तर एक कंपनी सहा महिने शिकायला ठेवून घेणार होती, राहायच्या सोयीसकट.

मी ओमकारला फोन लावला. तो म्हणाला, "शक्यच नाही. काल तो स्वतः खेळला त्यावर." मग थोडं थांबून, "कधी कधी उडतो गं डेटा. काय करणार."

फोन स्पीकरवर होता. शुभंकरने डबी पुन्हा जवळ ओढली. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला. डावं बोट डाव्या कळेवर होतं. त्या कळेवर ओमकारने रबराचा तुकडा चिकटवलेला, बोट घसरू नये म्हणून.

"उडायला तो काय चिमणी आहे?" शुभंकर म्हणाला. "कोणीतरी नेला. आणि मी तो शनिवारच्या आत परत आणणार."

२

बाबा विहिरीकडून आले तेव्हा हातपाय धुतलेले, खांद्यावर पंचा. गंगाराम मयेकर, मालवाहू बोटींवर इंजिन फिटर म्हणून सगळी नोकरी. आई गेली तेव्हाही ते कुठल्याशा समुद्रात होते. निवृत्त होऊन घरी आल्यापासून घराचं इंजिन चालवतात.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"मशीन आहे. मशीन दगा देतं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू. प्रदर्शन काय, दर वर्षी असतं."

"पुढच्या वर्षी ही बोटं असतील का?" शुभंकरने विचारलं.

बाबांनी डबी परत फळीवर ठेवली.

"बाबा, आम्ही नव्हतो तेव्हा कोण कोण आलं?" मी विचारलं.

"मला काय माहीत. मी मागे पंप चालवून बघत होतो. त्याच्या आवाजात काय ऐकू येतंय."

कोण आलं ते मात्र घरच सांगत होतं. भाट्याला, खाडीकाठच्या आमच्या ह्या गावात, दिवसा दाराला कडी नसते. पडवीत आंब्याची पेटी होती, म्हणजे नितेशदादा येऊन गेला होता, आमचा चुलतभाऊ. टेबलावर चार्जर होता, तो शनिवारी ओमकार चुकून घेऊन गेला होता. आणि खुर्चीवर कागदाची गुंडाळी होती, महरीनच्या चित्रांची. 'ओहोटी'तली सगळी चित्रं महरीनची. ती पुलापलीकडे राजिवड्याला राहते.

"ताई, डबीच्या खालचं झाकण उघड. कार्ड बघ."

माझ्या नखांनी ते कसंबसं उघडलं. वीज सकाळपासून नव्हतीच, दुरुस्तीसाठी बंद ठेवली होती, आणि पडवीत माडांची सावली. नीट दिसेना म्हणून खणातली विजेरी घेतली. खणात दोन होत्या. बाबांच्या घरात कुठलीच वस्तू एकटी नसते. दोन विजेऱ्या, नट आवळायचे दोन पाने, कुकरच्या दोन शिट्ट्या. भर समुद्रात दुकान नसतं, म्हणतात.

कार्ड काळं होतं.

"ओमकारने लाल घातलं होतं," मी म्हटलं. "जुन्यातलं."

शुभंकरने डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता.

"डेटा उडू शकतो, ताई. लालचं काळं होऊ शकत नाही. कोणाचा तरी हात लागलाय."

"पोलिसांत जाऊ."

"जाऊन सांगू काय? खाडीच्या रेतीत मुळे काढणारी एक मुलगी हरवली?" त्याने व्हीलचेअरचं चाक हाताने ढकलायचा प्रयत्न केला. ते इंचभर हललं. "रिक्षा बोलाव. ओमकारच्या दुकानात जायचंय."

"फोनवर विचार की."

"फोनवर तोंड दिसत नाही."

३

ओमकारच्या दुकानाला तीन उंच पायऱ्या. तो बाहेर आला, म्हणाला, "थांब, मी इथेच बोलतो."

"मला आत घे," शुभंकर म्हणाला. "रस्त्यावर चौकशी करत नाही मी."

शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून तिघांनी त्याला आत घेतलं. दुकानात इन्व्हर्टरवर पंखा फिरत होता. सगळीकडे उघडे पडलेले मोबाइल.

"तुला वाटतं मी केलं?" ओमकारने थेट विचारलं. त्याचे कान लाल झाले होते.

"जमणार कोणाला, तर तुला. हलवायला चार्जर लागतो, आणि तुझ्याकडे वीज होती. शिवाय गेल्या महिन्यात तू म्हणालास, गेमच्या पहिल्या पडद्यावर तुझं नाव लहान अक्षरांत का."

"म्हणालो. आणि अजून म्हणतो. पहिली दोन वर्षं कोड कोणी तपासला?" तो ताडकन उठला. "पण मोठं नाव हवं असतं तर भांडून घेतलं असतं. मी चोरून कशाला घेऊ? आणि घेऊन दाखवू कुठे? पुण्यात तर तुझं नाव गेलंय."

मी म्हटलं, "लाल कार्ड तुझं होतं. ते काढता येतं हे बाकी कोणाला माहीत?"

"त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी बघितलंत, योगिनीताई. मी काही पडदा लावून जादू केली नाही."

शुभंकरने मान हलवली. मग एक भलताच प्रश्न विचारला.

"डाव्या कळेवरचं रबर कशाने कापलंस?"

"रबर? ह्या कात्रीने." त्याने काउंटरवरची बोथट कात्री दाखवली. "वाकडंतिकडं झालं, तू हसलास. सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. का?"

"काही नाही."

पण परतताना रिक्षात त्याने डबी मांडीवर घेतली. त्याचं डावं बोट मिटलेल्या डबीच्या कळेवर पुढेमागे फिरत होतं, आंधळा माणूस अक्षरं वाचतो तसं.

घरी नितेशदादा आलेला होता. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत तो सुपरवायझर आहे. शुक्रवारी पुण्याला गाडी तोच चालवणार होता, आणि त्याने ते कधीच आनंदाने कबूल केलं नव्हतं.

"ऐकलं मी काकांकडून," तो आंबा चोखत म्हणाला. "जाऊ दे रे. खेळणंच होतं ना."

"तू सकाळी कधी आलास?"

"पेटी टाकायला आलो, तसाच गेलो. पाळी होती माझी. अरे, मला काय करायचंय तुझ्या डबीचं? खरं सांगू? गाडी न्यायची नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं. घाटात तुला काही झालं असतं तर लोकांनी मला धरलं असतं."

"मला काही झालं तर मला धरा," शुभंकर म्हणाला. "जाणार मी आहे."

"तुझी छाती भरली होती तेव्हा रत्नागिरीतून कोल्हापूरला कोणी नेलं? मी! काका मागे बसून तुझ्या तोंडावरची ऑक्सिजनची नळी धरून होते. तेव्हा तू शुद्धीत नव्हतास, म्हणून ते तुला ठाऊक नाही." नितेशदादाचा आवाज चढला. "सगळे तुझ्या काळजीत मरतात, आणि तू खेळतोस!"

तो कोय अंगणात भिरकावून निघून गेला. माझ्या मनात आलं, ह्यानेच. मिरजोळ्याला वीज असते. हा डबी घेऊन गेला असेल, तिथे पुसली असेल. मी तसं बोललेसुद्धा.

"कशी पुसणार?" शुभंकर म्हणाला. "त्याला मोबाइलची भाषा बदलायची झाली तरी ओमकारकडे जातो. नाही, ताई. उद्या महरीनला बोलाव. तिला फक्त एकच विचारायचंय."

४

महरीन आली ती भांडायच्याच तयारीत. ओढणी खोचलेली, हातावर रंगाचे डाग.

"मला पण संशयितांत घातलंस म्हणे! माझी तीन वर्षांची चित्रं त्यात आहेत. मी माझंच घर जाळीन?"

"तू प्रदर्शन पुढे ढकल म्हणत होतीस."

"म्हणत होते. बहिणीचं लग्न आहे रविवारी. अब्बा म्हणाले, शनिवारी पुण्याला गेलीस तर परत घरी येऊ नकोस. मी म्हटलं, शनिवारी जाणार आणि रविवारी लग्नाला पण येणार, दोन्ही होईल. भांडून परवानगी काढलीय मी." तिचे डोळे भरले, पण आवाज खाली आला नाही. "आणि तू मला विचारतोस?"

"तुला दुसरंच विचारायचंय. तू काल आलीस तेव्हा घर कसं होतं?"

ती चक्रावली. "कसं म्हणजे? बेल दाबली, वाजली नाही. वीज नव्हती. आत हाक मारली, कोणी नाही. एवढं शांत घर कधी बघितलं नाही मी. खाडीतल्या होडीत कोणीतरी खोकलं, ते पण ऐकू आलं. चित्रं ठेवली आणि गेले."

"डबी टेबलावर होती?"

"होती. मिटलेली."

शुभंकरने हळूच श्वास सोडला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "संध्याकाळी सगळ्यांना बोलाव. नितेशदादाला पण. सांग, माझा गेम सापडला."

"सापडला? कुठे?"

"अजून नाही," तो म्हणाला. "पण कोणाकडे आहे ते कळलं."

त्याचा चेहरा असा झाला होता की मी पुढे विचारलं नाही. आनंद नव्हता त्यात. एखाद्याने गणित सोडवावं आणि उत्तर बघून पुन्हा पाटी पुसावीशी वाटावी, तसं काहीतरी.

५

संध्याकाळी पडवीत सगळे होते. ओमकार खांबाला टेकून, हाताची घडी. महरीन झोपाळ्यावर. नितेशदादा पायरीवर, मोबाइलमध्ये डोकं. बाबा आरामखुर्चीत, नारळाच्या काथ्याची दोरी वळत. शुभंकरने मला त्याची खुर्ची बरोबर मध्ये ठेवायला लावली.

"माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांवर संशय आला," त्याने सुरुवात केली. "म्हणून सगळ्यांसमोरच बोलतो. काल सकाळी वीज गेली तेव्हा मी ह्या डबीवर 'ओहोटी' खेळत होतो. डॉक्टरांकडे निघालो तेव्हा बॅटरी संपत आली होती, लाल दिवा लुकलुकत होता. हे फक्त मला माहीत. आम्ही परत आलो तेव्हाही वीज आली नव्हती. आणि डबी होती पूर्ण भरलेली."

"म्हणजे कोणीतरी बाहेर नेऊन चार्ज केली," नितेशदादा म्हणाला आणि ओमकारकडे बघितलं. ओमकारने त्याच्याकडे.

"मीही आधी तेच धरून चाललो. मिरजोळ्याला वीज होती, ओमकारकडे इन्व्हर्टर. पण जो माणूस डबी चोरतो, तो ती पुसून, वर चार्ज करून, परत जागेवर आणून कशाला ठेवेल? त्याला तेवढा वेळही कुठे होता? तेव्हा मी दुसरा विचार केला. ही डबी बाहेर गेली नाही आणि चार्जही झाली नाही. ही आधीपासूनच भरलेली होती. कारण ही माझी डबीच नाही."

महरीनने झोपाळा पायाने थांबवला.

"पण रबर आहे की कळेवर," मी म्हटलं.

"आहे. त्या रबरानेच आपल्या सगळ्यांना फसवलं. ते बघून आपण धरून चाललो की डबी तीच. ओमकार, बघ जरा. हा तुकडा तू कापलास?"

ओमकारने डबी उजेडात धरली. "छे. हा तर पट्टी लावून कापल्यासारखा आहे. कडा बघ, किती साफ. आणि हे सायकलचं रबर पण नाही. जाड आहे. पॅकिंगचं असतं ना, तसलं."

"मला काल पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच खटकलं होतं. तुझ्या तुकड्यावर माझं बोट एका जागी अडखळतं. ह्याच्यावर अडखळलं नाही. रागात मी लक्ष दिलं नाही." शुभंकर थोडं थांबला. बोलताना त्याला दम लागतो, तेव्हा आम्ही सगळे थांबतो. "तर दुसरी एक डबी होती. तीच कंपनी, तोच रंग, आत कंपनीचंच काळं कार्ड. ही डबी आता कुठे बनत नाही, रत्नागिरीत तर कोणाकडेच नाही. माझी आली ती जपानहून, बोटीवरच्या एका जुन्या सहकाऱ्याने आणली. ती मागवणारा माणूस कुठलीही वस्तू एकटी मागवत नाही."

दोरी वळणारे हात थांबले.

"मोटरीचा वॉशर कापायची ज्याला सवय, त्याचं रबर असंच साफ कापलं जातं," शुभंकर म्हणाला. त्याने बाबांकडे मान वळवली. "आणि तो माणूस म्हणाला, मी पंप चालवून बघत होतो, आवाजात काही ऐकू आलं नाही. आपला पंप विजेवर चालतो, बाबा. वीज नव्हती. महरीनला खाडीतला खोकला ऐकू आला."

नितेशदादाने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

बाबा उठले. मला वाटलं, रागावून निघून जातील. ते आत गेले. हत्यारांच्या पेटीचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात डबी होती, मऊ फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी ती शुभंकरच्या फळीवर ठेवली.

"पुसली नाही मी," ते म्हणाले. "कशी पुसेन? शनिवार गेला की देणार होतो."

"का, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. शुभंकरलाच म्हणाले, "कोल्हापूरच्या वाटेवर तू निळा पडला होतास. ती नळी धरून मी मागे बसलेलो. पुण्यात कोण धरेल?" मग अगदी हळू, "सगळा जन्म बोटीवर गेला. तुझी आई गेली तेव्हा मी नव्हतो. आता कुठे घरात बसलो, तर तू निघालास."

मी शुभंकरकडे बघितलं. मला वाटलं, आता विरघळेल. मी तरी विरघळले होते.

"तुम्ही दर वेळी निघायचात," तो म्हणाला, "मी ह्याच पडवीत असायचो. रडायचो. पण तुमची बॅग कधी लपवली नाही. बोट बुडेल म्हणून आई रोज घाबरायची, तिनेही नाही लपवली."

बाबा उभेच राहिले.

"मी मरेन म्हणून तुम्हाला भीती वाटते. मला पण वाटते. इथे राहिलो तरी मरणारच आहे, थोडा लवकर की उशिरा, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण मधला वेळ माझा आहे. तो तुम्ही हत्यारांच्या पेटीत ठेवलात." त्याने श्वास घेतला. "आणि ओमकारवर आळ आला तेव्हा तुम्ही गप्प राहिलात. त्याची माफी मागा. माझी नंतर मागा."

"अरे, असू दे," ओमकार पुटपुटला. "काका आहेत ते."

"असू द्यायचं नाही."

आमच्या घरात बाबांना असं कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ते ओमकारपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. ओमकारने ते घाईने धरून खाली केले. "चुकलो रे," बाबा म्हणाले. एवढंच. नितेशदादा उठून अंगणात गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

शुभंकरने फडकं बाजूला केलं, डबी उघडली. लाल दिवा लुकलुकला. पडद्यावर खाडीची रेती आली, आणि तिच्यात एक मुलगी, कमरेला टोपली, पाण्याकडे बघत उभी.

६

बाबांना त्याने पुण्याला येऊ दिलं नाही. "शिक्षा नाही," तो म्हणाला. "पण ह्या वेळी मला मागे वळून तुमचं तोंड बघायचं नाही." नितेशदादाने गाडी काढली आणि आंबा घाटात प्रत्येक वळणावर विचारलं, "ठीक आहेस ना?" चौथ्या वळणानंतर महरीनने त्याला दम दिला.

प्रदर्शनाचा हॉल वरच्या मजल्यावर निघाला आणि लिफ्ट बंद होती. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण धावत आला, खूप दिलगीर होता. "सर, तुम्ही खाली आरामात बसा. गेम आम्ही वर नेऊन दाखवतो, तुमच्या नावाचा मोठा फलक लावतो."

"गेम आणि मी एकत्र असतो," शुभंकर म्हणाला. "एक टेबल आणा. इथे."

"इथे? हा तर जिना आहे, सर."

"म्हणूनच. वर जाणारा प्रत्येक जण माझ्यासमोरूनच जाईल."

टेबल आलं. ओमकारने डबी एका मोठ्या पडद्यासमोर कॅमेऱ्याखाली ठेवली, महरीनने मागे चित्रं लावली. सुरुवातीला लोक बाजूने सरकून वर गेले. मग एक मुलगी थांबली. तिने पाणी दिसायच्या आधीच पाऊल उचललं, रुतली, बुडाली, आणि म्हणाली, "पुन्हा." मग तिच्या मागे दोघं. दुपारपर्यंत जिना अडला. वरून संयोजक खाली बघायला आले की गर्दी कसली.

ज्यांची कंपनी होती त्या बाई सगळ्यात शेवटी आल्या. त्या खेळल्या, बुडाल्या, पुन्हा खेळल्या. गेममधली मुलगी घरी पोचल्यावर त्यांनी डबी हळूच खाली ठेवली.

"पाणी डावीकडून येतं हे मला कळलंच नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे असंच येतं," शुभंकर म्हणाला.

त्यांनी जूनपासून येशील का विचारलं. मी, महरीन, ओमकार, तिघं टेबलाजवळ सरकलो. शुभंकरने मात्र लगेच हो म्हटलं नाही.

"तुमच्या ऑफिसला पायऱ्या आहेत?"

बाई गोंधळल्या. "आहेत. पाच-सहा असतील."

"त्यांच्यावर उतार बांधून घ्या. जूनच्या आत. मग येतो."

त्या लगेच खिशातून फोन काढून तिथेच कोणाला तरी उताराबद्दल सांगू लागल्या.

महरीनला रविवारच्या लग्नाला पोचायचं होतं, म्हणून आम्ही लगेच निघालो. गाडी शहराबाहेर पडली तेव्हा बाबांचा फोन आला. मी स्पीकरवर लावला.

"खोकला नाही ना?"

"नाही."

"मग? काय म्हणाले?"

"जूनपासून. सहा महिने."

पलीकडून माडांमधला वारा ऐकू आला. नितेशदादाने गाडीचा वेग कमी केला.

"मध्ये काही वाटलं तर लगेच फोन कर," बाबा म्हणाले. "मी न्यायला येईन."

"न्यायला येऊ नका, बाबा," शुभंकर म्हणाला. "सोडायला या."